खिडकीवाला दाणा

भिंगरीने चमच्याच्या टोकावर एकच दाणा उचलला, दिव्याकडे धरला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आई, याला पाय आहेत."

जेवणाच्या टेबलावर चौघं होती, बाकी तिघांचे हात जागच्या जागी थांबले. सात वर्षांच्या पोरीने भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला दटावता येतं, भुलवता येतं. पण भिंगरी शाळेतल्या प्रयोगाकडे बघावं तशी बघत होती. पाय सहा होते. शिजून मऊ झालेले, पोटाशी दुमडलेले, थंडीत कुणी अंग मुडपून झोपावं तसे. पाठ तपकिरी, थेट मसुरासारखी, म्हणून तर एवढा वेळ ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि एवढ्या वेळात भिंगरीची अर्धी वाटी संपली होती.

"जिरं असेल गं," आजी म्हणाली.

"जिऱ्याला डोकं नसतं, आजी."

"चला, म्हणजे आज मटणाचा बेत झाला," भिंगरीचे बाबा म्हणाले. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस. अडकून घाबरलेल्या माणसांना हसवायची त्याला सवय होती. "तेही फुकटात."

कुणी हसलं नाही.

"बाबा, मी आधी अर्धी वाटी खाल्लीये. त्यात किती होते?"

"एकही नाही. हा एकटाच आला असेल, वाट चुकून."

"मग मी अजून शाकाहारी आहे का?"

"आहेस की. चुकून झालेल्याला माफी असते."

"आणि पुढचा चमचा खाल्ला तर? तो आता चुकून नाही होणार." एवढं बोलून भिंगरीने चमचा खाली ठेवला, वाटी दोन बोटांनी लांब सरकवली आणि हात फ्रॉकला पुसले.

भिंगरीचं शाकाहारी असणं घरातल्या मोठ्यांपेक्षा कडक होतं. मोठी माणसं त्यांच्या आईबापांनी कधी खाल्लं नाही म्हणून खात नव्हती. भिंगरीने आपलं आपण ठरवलं होतं, की ज्याला डोळे आहेत ते खायचं नाही. बटाट्याच्या डोळ्यांवरूनही मागे घरात आठवडाभर वाद झाला होता. शेवटी बटाट्याला दिसत नाही हे बाबांनी टॉर्च मारून सिद्ध केलं, तेव्हा कुठे बाई बटाट्याला तयार झाल्या.

आता वाटीत डोळेवालं निघालं होतं.

भिंगरीच्या आईने वाटी उचलली आणि मोरीत नेऊन उपडी केली. पाण्याची धार सोडली. दाणे जाळीवर अडकून गरगरायला लागले. मोरीची कड धरून ती वाकून बघत राहिली. पोरीने एक पाहिला होता. तिला त्या जाळीवर चार दिसत होते.

तिला दिसणारच. तिचं पोट त्यावरच चालत होतं.

धान्य निवडून पुड्या भरायच्या कारखान्यात ती कामाला होती. तिथे तिला सगळे घार म्हणत. लांबलचक पांढरा पट्टा, वर डोळे फाडणाऱ्या ट्यूबलाइटी, दोन्ही बाजूंना आठ बायका. पट्ट्यावरून अख्खे मसूर वाहत यायचे आणि त्यातला खराब दाणा चिमटीत धरून मागच्या पेटीत टाकायचा. दर तासाला घंटा झाली की सगळ्याजणी उठून पाच मिनिटं समोरच्या हिरव्या भिंतीकडे नुसत्या बघत राहायच्या. याला त्या 'डोळे धुणं' म्हणायच्या. डोळे धुतले नाहीत तर नजर दाण्याला चिकटते आणि मग खराबही चांगला दिसायला लागतो.

नव्या बाईला पहिल्या दिवशी घारच शिकवायची. "भोकाच्या दाण्याला घाबरू नकोस. त्यातला पाहुणा जेवून निघून गेलाय. वाईट असतो तो खिडकीवाला. हे बघ, वरून धड आहे, पण इथे फिकट गोल डाग दिसतो ना? आत किडा बसलाय. बाहेर पडायच्या आधी तो आतून सगळं खाऊन भिंत पातळ करून ठेवतो. त्या खिडकीमागे तो अजून आहे, हे विसरायचं नाही."

हे सांगताना तिला अभिमान वाटायचा. पुढचं मात्र ती कुणालाच सांगत नसे.

मागच्या पेटीतला माल कागदोपत्री कोंबड्यांच्या खाद्यात जायचा. प्रत्यक्षात दर शुक्रवारी मुकादम तो चाळणीतून एकदा काढून पिशव्या भरायचा आणि हवी असेल त्या बाईने चहाच्या पैशांत एक पिशवी न्यायची. आठवडाभर आपल्याच बोटांनी जे टाकलं ते शुक्रवारी आपल्याच पिशवीत घालून घार घरी आणत होती. सहा महिने झाले होते. घरभाडं वाढलं, भिंगरीच्या बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि त्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीचं मनगट दोन बोटांत धरून सांगितलं होतं, "मांस नाही, अंडं नाही, दूध तिला पचत नाही. मग कडधान्य रोज पोटात गेलं पाहिजे. रोज म्हणजे रोज. यात हयगय नको."

रोज म्हणजे रोज. त्या पिशवीशिवाय ते जमण्यातलं नव्हतं.

घरी तिने एकदाच सांगितलं होतं, "आम्हाला कारखान्यातून सवलतीत मिळतं." तेवढ्यावर सासूबाईंनी समोरच्या दारातल्या शिंपिणीपर्यंत डांगोरा पिटला. "आम्ही नाही हो दुकानातलं घेत. आमच्या सुनेचा थेट कारखान्यातला माल." दुपारी घार कामावर असताना सासूबाई खिडकीशी बसून ताटात मसूर निवडायच्या, तिन्हीसांजेला शिजायला लावायच्या. घार येईपर्यंत भांडं चुलीवरून उतरलेलं असायचं. सासूबाई भोकाचे दाणे काढायच्या, चालणारे काढायच्या. खिडकीवाले त्यांना माहीतच नव्हते. धुताना काही वर तरंगायचे, तेही काढायच्या. पण आत भरलेला किडा असला की दाणा बुडतोसुद्धा. आणि घार त्यांना शिकवणार कशी? खिडकीवाला ओळखायला सांगायचं म्हणजे घरात खिडकीवाला येतो कुठून, तेही सांगावं लागलं असतं.

म्हणून ती गप्प बसली आणि आपल्यापुरतं खाणं सोडलं. आज कामावर खाल्लं, उद्या पोट जड आहे, परवा नुसती भूकच नाही. सगळ्यांना वाढून झालं की ती पावावर टोमॅटो चिरून घ्यायची, मीठ भुरभुरवायची आणि भिंतीकडे बघत खायची. ती भिंत हिरवी नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने वाटी लांबूनच परत केली.

त्याच्या पुढच्या दिवशी घारीने मसूर मिक्सरमधून काढले, गाळले, वर लिंबू पिळलं. मऊसूत, एकही दाणा दिसेना. भिंगरीने वाकून वास घेतला.

"बघ, यात काहीच दिसत नाही," घार म्हणाली.

"म्हणूनच. आता तर ते चांगलेच लपले असतील."

"अगं, गाळलंय मी."

"म्हणजे मोठे तुकडे वर राहिले आणि बारीक खाली आले."

बाबांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला, बायकोकडे पाहिलं आणि घास परत ताटात ठेवला. "ही पोरगी वकील होणार," ते पुटपुटले. "आणि तोवर आपल्याला उपाशी मारणार."

मग ते लोण कोबीपर्यंत गेलं. पान उचलून खाली बघायचं, उलटं करून बघायचं, मग ते गार झालं म्हणून ठेवून द्यायचं. मग भातापर्यंत. भाताचं एकेक शीत चमच्याने वेगळं करून ताटाच्या कडेला रांग लागायची आणि ती रांग मोडून जेवायला बाईसाहेबांना वेळ नसायचा. पाव तेवढा चालायचा, तोही कुस्करून आत बघून. डबा जसाच्या तसा घरी यायला लागला. बुधवारी शाळेतून चिठ्ठी आली, खेळाच्या बाईंची. 'पळताना खाली बसली. घरी नीट खाते ना?'

चिठ्ठी वाचून घारीने ती चार घड्या करून मुठीत धरली. कपडे बदलताना पोरीची पाठ दिसली, मणके मोजता येत होते. आपल्या हातचा घास तोंडात घ्यायला पोर घाबरते, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. शेजारच्या कुणाकडे नाही घाबरत. आपल्याच हाताला घाबरते.

"भिंगरे, तू माझ्यावर विश्वास नाही ठेवत का गं?" जेवायला बसल्यावर तिने विचारलं.

भिंगरीने विचार केला. पोर खोटं बोलायची नाही, हीच तर अडचण होती. "तू खात नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"मसूर. मी रोज बघते. तू पाव आणि टोमॅटो खातेस. तू तिथे काम करतेस, म्हणजे तुला माहितीये त्यात काय असतं. म्हणून तू खात नाहीस." मग जरा समजुतीच्या सुरात, "तू खा. मग मी खाते."

घारीने चमचा हातात घेतला. भिंगरीच्याच वाटीत बुडवला, वर आणला. दाणे एकमेकांना चिकटून चमच्यात थरथरत होते. ती नुसती बघत राहिली आणि मग तिने चमचा खाली ठेवला.

सासूबाईंनी मान वर केली, सुनेकडे बराच वेळ पाहिलं आणि आपली वाटी संपवली.

शुक्रवारी कारखान्यात मुकादमाने पिशव्या मांडल्या तेव्हा घार घंटा होऊन गेल्यावरही हिरव्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"ए घार, पिशवी न्यायची नाही का? की आता राजवाड्यातून येतं सामान?"

"नेते," ती म्हणाली.

पिशवी नेहमीपेक्षा वाईट होती. गाठ मारताना आतून धुरळा उडाला, जुन्या ओल्या पोत्यासारखा कुबट. कोपऱ्यात दाणे कसल्याशा पांढऱ्या जाळ्याने एकमेकांना चिकटून सुपारीएवढा गोळा झाला होता. बसमध्ये तिने ती मांडीवर ठेवली होती. पिशवीच्या आत बारीक, अगदी बारीक कुरकुर होत होती, कुणी शेजारी बसून चण्याची टरफलं सोलावीत तशी. शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली. ऐकून गेली की उतरायचं होतं म्हणून, कोण जाणे. घारीला वाटलं, ऐकूनच.

शनिवारी सुट्टी. सकाळची कामं उरकली, भिंगरी बाबांबरोबर खाली सायकलला हवा भरायला गेली आणि सासूबाईंनी ताट मांडीवर ओढलं. घारीने पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आई, थांबा. मला काही सांगायचंय."

"सांग की. पिशवी दे आधी. बोलत बोलत निवडते."

"हा सवलतीचा माल नाही. हा..." तिने पिशवीची गाठ सोडली. "हा आम्ही टाकलेला माल आहे. मी टाकलेला. कोंबड्यांच्या खाद्यात जातो तो."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "बरं. मग?"

"मग म्हणजे?"

"अगं, मला काय ते आज कळतंय? पन्नास वर्षं धान्य निवडतेय. विकायचा माल असा असतो होय? पहिल्याच पिशवीत ओळखलं मी."

"आणि तुम्ही त्या शिंपिणीला..."

"मग काय सांगू तिला, सून कचरा आणते म्हणून? तिची जीभ तुला माहिती नाही." त्यांनी ताटावर बोटं फिरवली. "तू दिवसभर तिथे डोळे फोडून येतेस. घरी आल्यावर परत तेच बघायला लागू नये, म्हणून मी तुझ्या येण्याआधी शिजवून मोकळी व्हायचे. तू खात नाहीस हेही बघत होते. म्हटलं, शिसारी बसली असेल, जाईल. पण पोरीच्या वाटीत गेलाच की गं एक. भोकाचा एकही दाणा मी सोडत नाही, मग आला कुठून?"

घार त्यांच्याशेजारी खाली बसली. पिशवीत हात घातला. बोटांवरून काहीतरी चालत गेलं, तिने दात आवळले आणि एक दाणा शोधून काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. "हा कसा वाटतो?"

"चांगलाय की."

"उजेडात फिरवा."

सासूबाईंनी फिरवला. मग घारीने तो घेतला, नखाने दाबला. पापुद्रा फुटला आणि आतून एक पांढरी, ओलसर, बिनपायाची अळी अर्धी बाहेर येऊन नखावर वळवळली.

"शी!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की ताटातले दाणे उडाले. "अगं बाई! आणि हे मी शिजवत होते? सहा महिने?" तोंडावर पदर धरून त्या मोरीकडे गेल्या, खळखळून चुळा भरल्या, परत आल्या. "आणि हे तू मला आज सांगतेस!"

"तुम्ही मला कुठे काही सांगितलंत?"

सासूबाईंना आधी हसू फुटलं, पण ते उलटीच्या इतकं जवळचं होतं, की त्यांनी परत पदर तोंडाला लावला.

दारात भिंगरी उभी होती. हाताला सायकलचं काळं वंगण. "काय फोडलंत?" तिने विचारलं.

घारीला नख पुसून टाकता आलं असतं. तिने हात पुढे केला. भिंगरीने जवळ येऊन नीट बघितलं, नाकाला सुरकुत्या पडल्या, पण ती मागे सरकली नाही.

"हे कुठून आलं?"

"माझ्या कारखान्यातून. असल्या दाण्याला आम्ही खिडकीवाला म्हणतो, खिडकीमागे किडा असतो. चांगला माल महाग आहे म्हणून मी वाईट आणत होते. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. मला त्याची किळस येते, म्हणून मी खात नव्हते. तू बरोबर ओळखलंस."

भिंगरीने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. खरं कळल्यावर मोठं माणूस कसं दिसतं, हे ती जणू तपासत होती. मग तिने स्टूल ओढलं. "मला दाखव खिडकी."

त्यांनी ताट खिडकीच्या उजेडात ठेवलं. भोक, पाहुणा, तासाची घंटा, डोळे धुणं, सगळं सांगत घार दाणे पसरायची, पट्ट्यावरच्या सवयीने बोटं आपोआप चालायची. ती खराब काढून आजीच्या वाटीत टाकायची, उरलेले भिंगरी परत बघायची. भिंगरीला लगेच जमलं, नजर आईची. "खिडकी. खिडकी. भोक, पाहुणा गेला. खिडकी. आई, हा चालतोय, हा चालतोय!" एक भुंगेरा ताटाच्या कडेवरून आजीच्या मनगटावर चढला आणि आजीने मारलेल्या किंकाळीने बाबा जिना चढून धावत आले. तासाभराने भिंगरीने चमच्याने पेला वाजवला. "घंटा! डोळे धुवा!" चौघंही उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हे असं रोज करता तुम्ही?" बाबा भिंतीला म्हणाले. "आणि मला वाटायचं लिफ्टमध्ये अडकणं वाईट."

दुपारपर्यंत पाऊण पिशवी कचऱ्यात गेली. जाळ्याचा गोळा बाबांनी कागदात गुंडाळून, हात लांब धरून खाली नेऊन टाकला. उरले ते दोन वाट्या मसूर. घारीने ते तीन पाण्यांनी धुतले, तरंगणारा एकेक काढला, शिजवले, मीठ-हळद घातली, लसणाची फोडणी दिली. सगळे टेबलाशी बसले. तिने आपल्याला वाढून घेतलं. सगळ्यांच्या आधी.

पहिला चमचा तोंडात घेतला आणि जीभ आत ओढली गेली. साल सुटून टाळ्याला चिकटली. प्रत्येक दाणा दाताखाली फुटत होता आणि फुटताना तिला नखावरची ती वळवळ आठवत होती. प्रत्येक दाणा आपण पाहिलाय, दोनदा पाहिलाय, हे तिला ठाऊक होतं. पोटाला मात्र ते कोण पटवून देणार? तिने गिळलं. दुसरा चमचा घेतला. तिसऱ्याला ती उठली, मोरीकडे गेली आणि थुंकून आली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"किडा होता?" भिंगरीचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही. नुसती किळस. काही नव्हतं त्यात." ती खाली बसली, पाणी प्यायली आणि चौथा चमचा भरला. "मला जमायला वेळ लागेल. पण मी खाणार आहे."

"किळस येऊनसुद्धा?"

"येऊनसुद्धा."

हा चमचा पोटात गेला आणि तिथेच राहिला. भिंगरी आईच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरेपर्यंत. मग तिने आपली वाटी ओढली. एक चमचा भरला, उजेडात फिरवला, खालून वरून बघितला, डोळे गच्च मिटले आणि तोंडात टाकला. औषध घेतल्यासारखं तोंड करून तिने चावलं.

"लसूण जास्त झालाय," ती म्हणाली.

आजीने सुस्कारा सोडला. "पुढच्या शुक्रवारी पिशवी आणायची," त्या म्हणाल्या, "पण निवडायची शनिवारीच. तिघींनी मिळून. आणि शिंपिणीला मी काय ते सांगेन."

"काय सांगणार?" बाबांनी विचारलं.

"सांगेन, आमच्या घरात दाणा दोनदा निवडला जातो. खरंच आहे ते."

भिंगरी पाचव्या चमच्याशी थांबली होती. चमच्यातला एक दाणा तिने बोटाने वेगळा केला, वाटीच्या कडेवर ठेवला. "हा जरा फिकट आहे."

सगळे वाकले. शिजलेल्या दाण्यावरची खिडकी ओळखायला घारीलाही येत नव्हतं; शिजल्यावर सगळेच फिकट. चांगला होता बहुतेक. भिंगरी वाट बघत होती, आणि चमचा हातातून खाली जायच्या बेतात होता.

घारीने तो दाणा चिमटीत उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. गिळून टाकणं सोपं होतं. ती तो सावकाश चावत राहिली, पोरीच्या नजरेसमोर, साल आणि गर वेगवेगळे होईपर्यंत. अंगावर शहारा आला, तोही तिने लपवला नाही.

"मसूर," ती म्हणाली.

भिंगरीने पाचवा चमचा खाल्ला.